शह, मात आणि वारस

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मैदानावर पाणी सांचल्यामुळें त्या दुपारीं खेळ बंद होते. वर्गाच्या एका कोपऱ्यांत दोन विद्यार्थी पुठ्ठ्यावर आंखलेला एक निराळाच पट मांडून बसले होते. पटाचीं घरें नेहमींचीं ६४ नव्हतीं, तीं ११२ होतीं. मोहऱ्यांत घोडे व उंट होतेच, पण जिराफही होते. आम्ही कुतूहलानें जवळ जाऊन पाहूं लागलों, तोंच दोघांत वादाला तोंड लागलें.

काळीं मोहरीं घेऊन खेळणारा म्हणाला, "मात झाली. डाव संपला."

पांढऱ्या मोहऱ्यांच्या धन्यानें पटाच्या पलीकडच्या टोंकाजवळ असलेलें आपलें एक प्यादें एक घर पुढें सरकविलें आणि शांतपणें म्हटलें, "मात कशी? हा बघ माझा राजपुत्र."

"राजाला शह बसला असतां राजपुत्र कसला काढतोस? आधीं शह निवार!"

"राजा गेला तरी राजपुत्र आहे ना? मग मात कोणाला?"

दोघेही हुशार, दोघेही जिवलग मित्र, आणि दोघेही आपापल्या परी प्रामाणिक. परंतु पाऊस थांबला तरी वाद थांबेना. अखेरीस एकानें मोहरीं पिशवींत भरलीं, दुसऱ्यानें पट गुंडाळला, आणि दोघे दोन वाटांनीं घरीं गेले. पुढें चार दिवस त्यांचें बोलणें बंद होतें. पांचव्या दिवशीं मात्र ते दोघे मिळून आमच्याकडे आले व म्हणाले, "खरें कोणाचें, तें तुम्हींच सांगा." आम्हीं त्यांस त्या वेळीं जें उत्तर दिलें तेंच येथें जरा विस्तारानें मांडीत आहों; कारण तो प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं.

प्रथम त्या खेळाची ओळख करून घेऊं. त्यास तैमूरचें बुद्धिबळ असें म्हणतात. समरकंद येथें राजधानी करून मध्य आशिया व इराण आपल्या टांचेखालीं आणणारा, आणि १३९८ सालीं दिल्ली लुटणारा जो तैमूरलंग, त्याच्या नांवाशीं हा खेळ जोडला गेला आहे. त्याचें जुनें नांव 'शतरंज-इ-कबीर' म्हणजे थोरलें बुद्धिबळ असें होतें. इब्न अरबशाह नांवाचा अरबी ग्रंथकार १३८९ सालीं दमास्कस शहरीं जन्मला. तैमूरनें तें शहर घेतल्यावर या मुलास समरकंदास नेण्यांत आलें. पुढें त्यानें तैमूरचें चरित्र लिहिलें. त्यांत, तैमूरास साधें बुद्धिबळ अपुरें वाटे व तो मोठ्या पटावर खेळे, असें त्यानें नमूद केलें आहे. इंग्रज पंडित मरे यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहत् इतिहासांतही या खेळाचें वर्णन आलें आहे.

हा पट ११ घरें रुंद व १० घरें लांब असतो. शिवाय दोन्ही बाजूंस एकेक घर पटाबाहेर निघालेलें असतें. त्या घरास 'हिस्न' म्हणजे किल्ला म्हणतात. एक किल्ला पांढऱ्याचा, एक काळ्याचा. अशा रीतीनें एकंदर ११२ घरें होतात. प्रत्येक पक्षाकडे २८ मोहरीं असतात. त्यांत ११ प्यादीं व १७ मोठीं मोहरीं. राजा, फर्झीन व वजीर हे एकेक. आणि घोडा, रुख, फील म्हणजे हत्ती, उंट, जिराफ, टेहळ्या व युद्धयंत्र हीं दोन दोन. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण ज्यास हत्ती म्हणतों व जो सरळ रेषेंत धांवतो, त्याचें काम या खेळांत रुख करतो. येथला फील हें निराळेंच मोहरें आहे.

खेळाचें खरें वैशिष्ट्य मोठ्या मोहऱ्यांत नसून प्याद्यांत आहे. आपल्या बुद्धिबळांतील आठही प्यादीं एका दर्जाचीं असतात. येथें तसें नाहीं. येथें घोड्याचें प्यादें निराळें, उंटाचें निराळें, जिराफाचें निराळें. पटाच्या शेवटच्या ओळीस पोंचल्यावर प्रत्येक प्यादें आपल्या धन्याचा दर्जा घेतें; घोड्याच्या प्याद्याचा घोडाच होतो, दुसरें कांहीं नाहीं. आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादें ज्या मोहऱ्याच्या उभ्या ओळींत शेवटीं पोंचेल, त्या मोहऱ्याचा मान त्यास मिळे. म्हणजे तेथें स्थानाला महत्त्व होतें. तैमूरच्या खेळांत जन्माला आहे.

आतां हेंच तत्त्व पुढें चालविलें तर राजाच्या प्याद्याचें काय व्हावें? तें शेवटच्या ओळीस पोंचलें कीं त्याचा 'शहजादा' म्हणजे राजपुत्र होतो. राजपुत्राची चाल राजाप्रमाणेंच, कोणत्याही दिशेस एक घर. आणि राजा पडला तर राज्य त्याचें. पटावर एकाच पक्षाचे दोन राजे! येथेंच शह आणि मात या शब्दांचे अर्थ पुन्हां तपासून पाहण्याची वेळ येते.

हे दोन शब्द आपल्या मराठींत इतके मुरले आहेत कीं ते कोठून आले याची आठवणही आपणांस होत नाहीं. प्रतिपक्षाला शह दिला, संकटावर मात केली, असें आपण सहज बोलतों. हे शब्द फारसींतून आले. 'शाह' म्हणजे राजा. 'शाह मात' म्हणजे राजा निरुपाय झाला, त्याचा मार्ग खुंटला. राजा मेला असा त्याचा अर्थ नव्हे. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकानें ही गोष्ट पाहिलेली आहे, पण फारच थोड्यांनीं तिचा विचार केला असेल. डावांत वजीर मरतो, घोडे मरतात, प्यादीं तर पाचोळ्यासारखीं पडतात. पण राजा कधींही मारला जात नाहीं. त्याची कोंडी झाली कीं खेळ थांबतो. मारणारी चाल आपण खेळतच नाहीं.

असें कां? राजा एकच आहे म्हणून. तो गेला म्हणजे सर्व गेलें हें उघड असल्यामुळें खेळ एक चाल आधींच थांबविण्याचा संकेत पडला. त्याच कारणानें दुसराही संकेत पडला कीं, राजाला शह बसला तर तो निवारल्यावांचून दुसरी चाल करतां येत नाहीं. शह निवारण्याचा हा धर्म राजाच्या मोठेपणांतून आलेला नाहीं. तो त्याच्या एकटेपणांतून आलेला आहे. एवढें एक सूत्र हातीं आलें कीं पुढील सर्व गुंता सुटतो.

सूत्र असें: ज्या राजाला वारस नाहीं, तो मारला जात नाहीं, त्याला मात होते. ज्या राजाला वारस आहे, त्याला मात होत नाहीं. तो मारला जातो.

हें वाक्य प्रथम वाचतांना विचित्र वाटेल. वारस असणें ही राजाची बळकटी असें आपण समजतों, आणि येथें तर वारस आला कीं राजा मर्त्य होतो! परंतु खेळाचा नियम असाच आहे. एका पक्षाचे दोन राजे पटावर असतां त्यांपैकीं एकास शत्रूनें इतर मोहऱ्यांप्रमाणें मारून पटाबाहेर काढावयाचें असतें. जो शेवटचा उरतो, केवळ त्यासच मात करावयाची असते. हें सूत्र नीट ठसावें म्हणून आपण चार प्रसंग क्रमानें पाहूं.

पहिला प्रसंग. पांढऱ्याकडे राजा व राजपुत्र दोघेही आहेत. काळ्याच्या रुखानें राजावर रोख धरला. हा शह बंधनकारक आहे काय? नाहीं. पांढऱ्याची इच्छा असेल तर त्यानें राजा वांचवावा. इच्छा नसेल तर दुसरीकडे शत्रूचा वजीर मारावा व राजाला जाऊं द्यावें. राजपुत्रावर रोख आला तरी हाच न्याय. दोघांपैकीं कोण वडील व कोण धाकटा याचा येथें संबंध नाहीं. दोन आहेत एवढेंच पाहावयाचें.

दुसरा प्रसंग. काळ्याच्या घोड्यानें एकाच चालींत राजा व राजपुत्र या दोघांवर रोख धरला. नवशिक्याला वाटतें कीं ही दुहेरी मात झाली. पण एका चालींत दोघे मारले जात नाहींत. पांढऱ्यानें त्यांपैकीं एकाला हलवावें; दुसरा पडेल. हानि मोठी, पण डाव चालू.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा, कारण चांगले खेळाडू फसतात ते येथेंच. समजा, पांढऱ्याचा राजा पटाच्या अगदीं कडेच्या उभ्या ओळींत खालीं आहे व राजपुत्र त्याच ओळींत वरच्या टोंकास आहे. मधलीं घरें मोकळीं आहेत. काळ्याचा एक रुख शेजारची उभी ओळ रोखून दूर उभा आहे, आणि दुसऱ्या रुखानें येऊन राजास मारलें. पांढरा म्हणतो, "जाऊं दे, राजपुत्र आहे." पण ज्या क्षणीं राजा पडला त्याच क्षणीं राजपुत्र एकटा झाला. एकटा झाला म्हणजे शहाचा धर्म त्यास लागू झाला. आणि राजास मारणारा रुख आतां त्याच ओळीनें राजपुत्राकडे रोखून पाहत आहे! बाजूच्या ओळींत पाऊल टाकावें तर तेथें दुसरा रुख. मध्यें घालावयास मोहरें नसेल, आणि त्या रुखास मारणारेंही कोणी नसेल, तर ही मात झाली. एकाच चालीनें राजा पडला व वारसाला मात झाली. म्हणून या खेळांतील जाणते खेळाडू राजा व राजपुत्र यांस एका रेषेंत ठेवीत नाहींत. ज्याच्या जोरावर राजाला निर्भय राहावयाचें, तो वारस राजाच्याच संकटाच्या वाटेवर उभा असेल तर त्याचा उपयोग काय?

चौथा प्रसंग. राजाला शह बसला आहे, पळावयास घर नाहीं, आड घालावयास मोहरें नाहीं, शह देणारास मारतां येत नाहीं. राजाचें प्यादें नवव्या ओळींत आहे, पण त्याच्या पुढच्या घरांत शत्रूचें मोहरें बसल्यामुळें तें हलूं शकत नाहीं. येथें राजपुत्र आहे काय? नाहीं. प्याद्यानें तिसऱ्या ओळींतून निघून दहावींत पोंचण्यासाठीं सात पावलें टाकावयाचीं असतात. सहा टाकलीं, सातवें राहिलें. खेळाच्या दृष्टीनें सहा पावलें चाललेलें प्यादें हें अद्याप प्यादेंच आहे. होऊं घातलेला वारस वारस नव्हे. मात झाली.

आतां आपण त्या दोन विद्यार्थ्यांच्या वादाकडे वळूं. तो प्रसंग या चौथ्याच्या अगदीं शेजारचा आहे. पांढऱ्याचा राजा पहिल्या ओळीच्या कोपऱ्यांत होता. काळ्याचा एक रुख पहिल्या ओळीनें शह देत होता, दुसरा रुख दुसरी ओळ अडवून होता. या खेळांत राजाला सबंध डावांत एकदां शह चुकविण्यासाठीं आपल्या दुसऱ्या एखाद्या मोहऱ्याशीं जागा बदलण्याची सवलत असते. पण ती पांढऱ्यानें पूर्वींच वापरली होती. सारांश, राजाला वांचविण्याचा कोणताही उपाय नव्हता. मात्र राजाचें प्यादें नवव्या ओळींत होतें, व त्याच्या पुढचें घर मोकळें होतें. पांढऱ्यानें तें पुढें टाकलें व राजपुत्र केला.

काळ्याचें म्हणणें तुच्छ लेखण्यासारखें नाहीं. तो म्हणतो, "शह बसला तेव्हां पांढऱ्याचा राजा एकटाच होता. एकट्या राजाला शहाचा धर्म लागू आहे. म्हणून त्याची पुढची चाल शह निवारणारीच असली पाहिजे. राजपुत्र काढल्यानें राजावरचा रोख गेला नाहीं. म्हणून ती चाल नियमबाह्य, आणि दुसरी चाल नाहीं म्हणून मात."

या युक्तिवादाला उत्तर साध्या बुद्धिबळांतच आहे. चाल योग्य कीं अयोग्य, हें आपण नेहमीं कशावरून ठरवितों? चाल करण्यापूर्वींच्या स्थितीवरून कीं केल्यानंतरच्या? शह देणाऱ्या मोहऱ्यास आपण मारलें तर तें योग्य कां? कारण चाल पुरी झाल्यावर राजावर रोख राहत नाहीं. स्वतःचें मोहरें हलविल्यानें राजा उघडा पडला तर ती चाल अयोग्य कां? कारण चाल पुरी झाल्यावर राजावर रोख राहतो. दोन्ही वेळीं आपण चालीनंतरचा पट पाहतों. नियमाचें खरें रूप असें आहे कीं, आपली चाल पुरी झाल्यावर आपला एकुलता एक राजा शत्रूच्या तोंडीं राहतां कामा नये. आतां पांढऱ्याच्या चालीनंतरचा पट पाहा. राजावर रोख आहे हें खरें; पण तो आतां एकुलता एक राहिलेला नाहीं. राजपुत्र पटावर उभा आहे. म्हणून चाल योग्य, आणि योग्य चाल शिल्लक होती म्हणून मात झालेली नव्हती. पांढऱ्यानें राजाला वांचविलें नाहीं, त्यानें राज्य वांचविलें. आणि या खेळांत वांचवावयाचें असतें तें राज्य.

म्हणून आमच्या मतें पांढऱ्या मोहऱ्यांचा धनी बरोबर होता. परंतु आम्हीं त्यास दुसरीही एक गोष्ट सांगितली. त्याचा राजपुत्र जन्मला तो शत्रूच्या छावणीच्या मध्यभागीं, एकटा, मदतीवांचून. काळ्यानें राजास मारलें कीं तो पोरका राजपुत्र किती चाली टिकणार? नियम वारसाला हक्क देतो. संरक्षण देत नाहीं. तें ज्याचें त्यानें आधीं योजावें लागतें.

येथें तिसऱ्या राजाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अकरा प्याद्यांपैकीं एक 'प्याद्याचें प्यादें' असतें. त्यास धनी नाहीं, म्हणून दर्जाही नाहीं. सर्वांत हीन असें हें मोहरें. तें शेवटच्या ओळीस पोंचलें तर प्रथम तेथेंच थांबतें व त्यास कोणी मारूं शकत नाहीं. मग जेथून शत्रूच्या दोन मोहऱ्यांवर एकदम रोख धरतां येईल, किंवा ज्यास पळतां येत नाहीं असें एखादें मोहरें कचाट्यांत सांपडेल, अशा जागीं त्यास नेऊन ठेवतां येतें. तेथून पुन्हां चालत दुसऱ्यांदां शेवटच्या ओळीस पोंचल्यावर त्यास राजाच्या प्याद्याच्या मूळ घरीं आणून ठेवतात. तेथून सात पावलें चालून तिसऱ्यांदां पोंचलें तर मात्र त्याचा 'शाह मसनूआ' म्हणजे कृत्रिम राजा होतो. जन्मानें नव्हे, तर तीन वेळां केलेल्या प्रवासानें मिळालेलें हें राजपद होय. राजा पहिला, राजपुत्र दुसरा, कृत्रिम राजा तिसरा, असा त्यांचा क्रम आहे. तिघेही पटावर असतील तर शत्रूस दोघांना मारावें लागतें व तिसऱ्याला मात करावी लागते.

हा क्रम मातीच्या प्रसंगीं उपयोगी पडत नाहीं, हें वर सांगितलेंच. तो उपयोगी पडतो किल्ल्याच्या प्रसंगीं. ज्याची बाजू हरत आहे त्याचा राजा शत्रूच्या किल्ल्यांत शिरला तर डाव बरोबरीचा होतो. हा अधिकार त्या वेळीं जो ज्येष्ठ असेल त्याचा. राजा जिवंत असतां राजपुत्राला तो नाहीं; राजा पडल्यावर राजपुत्राकडे येतो. आपल्या स्वतःच्या किल्ल्यांत मात्र कृत्रिम राजालाच बसतां येतें, व तो तेथें बसला कीं शत्रूच्या राजाची ती पळवाट बंद होते. म्हणजे मातेपासून वांचण्यास तिन्ही राजे समान, पण मानाला क्रम आहे. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळूं नयेत. पुष्कळसे घोटाळे तशा मिसळण्यानेंच होतात.

खेळाची गोष्ट येथें संपली असती. पण ज्या पुरुषाचें नांव या खेळास मिळालें, त्याच्या घराण्याचा इतिहास वाचतांना मन क्षणभर थबकतें. पटावर वारसाचा नियम इतका स्वच्छ. मग प्रत्यक्षांत काय झालें?

तैमूरचा मुलगा जहांगीर हा १३७६ सालीं बापाच्या देखत वारला. पुढें तैमूरनें जहांगीरचा मुलगा महंमद सुलतान यास वारस नेमिलें. तोही १४०३ सालीं निवर्तला. मग त्यानें जहांगीरचाच दुसरा मुलगा पीर महंमद याचें नांव सांगितलें. १४०५ च्या फेब्रुवारींत चीनवर स्वारीस निघाला असतां वाटेंत ओत्रार येथें तैमूरला मरण आलें. त्या वेळीं पीर महंमद होता दूर कंदाहारकडे. राजधानी समरकंद जवळ होती ती दुसऱ्या एका नातवाला, खलील सुलतानला. त्यानें ती बळकावली व गादीवर बसला. पीर महंमद हक्कासाठीं लढला, हरला, आणि १४०७ सालीं आपल्याच वजिराच्या हातून मारला गेला. शेवटीं तैमूरचा मुलगा शाहरुख यानें १४०९ सालीं समरकंद घेतलें. याच शाहरुखाविषयीं अशी कथा सांगतात कीं, तो जन्मल्याची वार्ता आली तेव्हां तैमूर बुद्धिबळ खेळत होता व त्यानें नुकताच रुखाचा शह दिला होता. त्यावरूनच मुलाचें नांव शाहरुख ठेविलें. त्यानें १४४७ पर्यंत राज्य केलें. पण त्याच्यामागें पुन्हां तोच घोळ. त्याचा मुलगा उलूघ बेग, आकाशांतील ताऱ्यांचें कोष्टक रचणारा विद्वान् राजा, १४४९ सालीं स्वतःच्या मुलाच्या आज्ञेनें मारला गेला.

वरील चौथा प्रसंग येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. पीर महंमदाचें नांव सांगितलें गेलें होतें, पण तो शेवटच्या ओळीस पोंचला नव्हता. पटावर खेळणारे दोघे एक नियम मानतात, म्हणून राजा पडला तरी डाव मोडत नाहीं. एक पडतो, दुसरा पुढें होतो, आणि खेळ चालूं राहतो. समरकंदांत वारसाचें नांव होतें, पण तें मानण्याचा करार कोणांतही नव्हता. म्हणून राजा पडतांच प्रत्येकानें आपापला पट मांडला. नियम लिहिला गेला एवढ्यानें भागत नाहीं. ज्यांना तो अडचणीचा आहे त्यांनींही तो आधीं मान्य केलेला असावा लागतो.

हें ऐकून आमच्या त्या दोन मित्रांनीं मोडलेला डाव आठवून पुन्हां जसाच्या तसा मांडला. पांढऱ्यानें राजपुत्र केला, काळ्यानें राजास मारलें, आणि पुढें अठराव्या चालीस राजपुत्रालाही रीतसर मात झाली. म्हणजे ज्याचें म्हणणें चुकलें होतें तोच डाव जिंकला! हरलेला मात्र हंसत होता. कारण या वेळीं तो नियमानें हरला होता.

त्यानंतर दोघांनीं पटाच्या मागच्या बाजूस तीन ओळी लिहून ठेविल्या. ज्यांस हा खेळ खेळावयाचा असेल त्यांच्यासाठीं त्या येथें उतरून घेतों. एक: पटावर एकाहून अधिक राजे असतील तोंवर शह बंधनकारक नाहीं व राजा मारतां येतो. दोन: एकच उरला कीं त्या क्षणापासून शह निवारलाच पाहिजे, आणि निवारतां आला नाहीं तर मात. तीन: चाल योग्य कीं अयोग्य, तें चाल पुरी झाल्यावरच्या पटावरून ठरवावें.

त्याखालीं चौथी ओळही आहे. ती त्यांनीं आपण होऊन लिहिली. "वाद असेल तर पहिल्या चालीपूर्वीं घालावा." विद्यार्थिमित्रहो, पहिल्या तीन ओळी तैमूरच्या पटापुरत्या आहेत. चौथी कोणत्याही पटावर चालेल.